वस्ती आहे, पण गाव नाही

आजचा विषय तहसील कचेरीतला आहे, पण त्यावर लाखो माणसांच्या घराची मालकी अवलंबून आहे. प्रश्न साधा आहे. आपल्या देशात 'गाव' कशाला म्हणतात?

फौजेत आम्ही नकाशा वाचायला शिकलो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा, एकास पन्नास हजार प्रमाणाचा. त्यावर झोपड्यांचा लहानसा पुंजकाही दाखवलेला असतो. तिथे माणसं राहतात, एवढं त्या नकाशाला पुरतं. महसूल खातं मात्र वेगळंच विचारतं. या जागेला स्वतःची हद्द आहे का? स्वतःचे सर्व्हे नंबर आहेत का? असतील तर ते महसुली गाव. मग तिथे एकही माणूस राहत नसला तरी चालतं. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 6 लाख 40 हजार गावं होती. त्यांतली 40 हजारांहून जास्त निर्मनुष्य होती. ओसाड, बेचिराख, पण दप्तरी गावंच. उलट जिथे तीन पिढ्या नांदल्या, पण वेगळी हद्द पडली नाही, ती वस्ती मूळ गावाच्या पोटात. तिथली माणसं मोजली जातात, मतदानही करतात, पण गाव म्हणून नाव लागतं ते दुसऱ्याचं.

ही विभागणी जुनी आहे. म्हैसूर संस्थानात 'असली' गाव आणि 'दाखली' गाव असे दोन प्रकार होते. आपल्याकडे मौजे आणि मजरे. 'मजरे' हा शब्द कन्नड कागदांतही सापडतो. महाराष्ट्रात वाडी, पाडा, तांडा म्हणतात; इथे हट्टी, हाडी, तांडा, दोड्डी, कॅम्प. तुंगभद्रेच्या कालव्यावर असे कितीतरी कॅम्प आहेत. आम्हा फौजींचा कॅम्प चार दिवसांनी उठतो, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत.

आता बघा, या वस्त्या वेगळ्या का पडल्या? गोल्लरहट्टी, वड्डरहट्टी ही नावंच सांगतात. धनगर, वडार, लमाण, आदिवासी, दलित. ज्यांना गावात जागा नव्हती, ते गावाबाहेर राहिले. म्हणजे आधी समाजाने बाहेर ठेवलं, मग दप्तराने. महाराष्ट्र सरकारने 2020 च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण नाव बदललं म्हणून उतारा बदलत नाही.

खरी मेख उताऱ्यात आहे. आपला सातबारा, तशी इथली पहाणी. अशा वस्तीतलं घर ज्या जमिनीवर उभं असतं, तिच्या पहाणीवर एक तर सरकारचं नाव असतं, गायरान म्हणून, नाही तर एखाद्या जमीनदाराचं. वीज येते, ग्रामपंचायत नळ देते, घरपट्टीही घेते. पण पंचायतीची पावती म्हणजे मालकी नव्हे. घर गहाण ठेवून कर्ज काढायचं तर बँक कागद मागते. मुलाच्या नावावर करायचं तर कागद नाही. आणि कोणी 'उठा' म्हणालं, तर दाखवायला काही नाही.

कर्नाटकाने यावर कायदा केला, हे सांगायला मला आनंद वाटतो. 1964 च्या जमीन महसूल कायद्यात 94-ड हे कलम घातलं, सरकारी जमिनीवरच्या घरांसाठी. 1961 च्या जमीन सुधारणा कायद्यात 38-अ घातलं, खासगी जमिनीवरच्या शेतमजुरांच्या घरांसाठी. 19 जानेवारी 2023 रोजी कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड इथे पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे 50 हजार कुटुंबांना हक्कपत्रं मिळाली. त्या वेळी पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 1,475 वस्त्या महसुली गावं झाल्या होत्या. पुढे सरकार बदललं, पण काम थांबलं नाही. 20 मे 2025 रोजी होसपेटला 1 लाख 11 हजार 111 हक्कपत्रं देण्यात आली. दोन पक्ष, दोन सरकारं, पण धोरण एकच. असं आपल्याकडे रोज घडत नाही.

पण हक्कपत्र हातात आलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. हद्द कुठे आखली, ते पाहावं लागतं. आज उभ्या असलेल्या घरांभोवतीच दोरी टाकली, तर उद्या लग्न झालेल्या मुलाने घर कुठे बांधायचं? शाळा, रस्ता, स्मशान, गुरांची जागा नकाशात आली नाही, तर नव्या गावाला जुन्याच गावाच्या दारात उभं राहावं लागणार.

आमच्या जिल्ह्यात हुणसूर आणि हेग्गडदेवनकोटे तालुक्यांत जेनू कुरुबांच्या हाड्या आहेत, जंगलात आणि जंगलाच्या कडेला. तिथे महसूल खात्याच्या जोडीला वन खातं येतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(ह) आहे. वनगावं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, मग त्यांची नोंद असो वा नसो, महसुली गावं करून घेण्याचा हक्क ते देतं. 'नोंद असो वा नसो' हे शब्द लक्षात ठेवा. नोंद नसणं हा त्या माणसांचा दोष नाही, हे कायद्याने मान्य केलं आहे.

आपण काय करू शकतो? आपल्या शेतावर, बांधकामावर, घरी काम करणारी माणसं अशाच वस्त्यांतून येतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. घराखालच्या जमिनीच्या पहाणीवर नाव कोणाचं? वस्ती महसुली गाव झाल्याची अधिसूचना राजपत्रात निघाली का? आणि जनवसती सभा भरते का? कर्नाटकाच्या पंचायत कायद्यात ग्रामसभेच्या खाली वॉर्ड सभा आणि तिच्याही खाली जनवसती सभा आहे. चाळीस घरांच्या वस्तीला आपलं म्हणणं लेखी मांडायला हीच पहिली पायरी. तिथला ठराव लिहायला मदत करा. आपण बरेच जण निवृत्त आहोत, अर्ज कसा लिहायचा हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

सरहद्दीवर आम्ही देशाची हद्द राखली. देशाच्या आत ज्या वस्तीची हद्दच अजून आखलेली नाही, तिची हद्द आखून घेणं हेही देशाचंच काम आहे.

जय हिंद.