कवळी कशी तयार होते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण सासूबाईंच्या कवळीसाठी गोंदियाहून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात सहा खेपा झाल्या. तिथे पाहिले ते सांगते.

आधी आमची चूक सांगते. बाजारात बसणाऱ्या एकाने 'एका दिवसात दात' म्हणून उरलेल्या दोन दातांना नवे दात पक्के चिकटवून दिले. खालून हिरडी सडली. सासूबाई भात पाण्यात कालवून गिळू लागल्या, पंगतीला येईनाशा झाल्या. शेवटी ते दोन दातही गेले. हिरड्या भरून येण्यासाठी तीन महिने थांबलो.

मग माप. समुद्रातील शेवाळापासून केलेली पूड पाण्यात कालवून तोंडात धरतात. दोन-तीन मिनिटांत ती थिजते. तो ठसा सुकला की आक्रसतो, म्हणून त्यात लगेच प्लॅस्टर ओततात. प्लॅस्टर म्हणजे भाजलेले जिप्सम. भाजताना गेलेले पाणी परत मिळाले की त्याचा पुन्हा दगड होतो, आणि होताना हाताला गरम लागतो! साध्या प्लॅस्टरच्या 100 ग्रॅमला सुमारे 50 मिलिलिटर पाणी लागते, पक्क्या जातीला 30 च. पाणी जास्त झाले की साचा ठिसूळ. भाकरीचे पीठ मळणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला लवंगेच्या तेलाच्या वासाचा लेप लावून बारीक माप घेतले. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्यांवर जबडे कसे मिटतात ते पाहिले. चौथ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून आरसा दिला व आकडे म्हणायला लावले. इथे घाई करू नका बरे! मेणात दात हलवता येतो, नंतर नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे माझे तोंडच नव्हे." डॉक्टरीणबाईंनी न रागावता दात पुन्हा लावले.

पुढे साच्यातले मेण उकळत्या पाण्याने काढतात. त्या पोकळीत ॲक्रिलिकची गुलाबी पूड द्रवात भिजवून, कणकेसारखा गोळा करून दाबतात आणि गरम पाण्यात पक्की करतात. पाचव्या खेपेला कवळी हाती आली. सहावी खेप टोचणारी जागा घासून घेण्यासाठी. घरी कानशीने घासू नये. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकते.

परवा सासूबाईंनी चिवडा मागितला. मी सवयीने भिजवायला घेतला, तर माझ्यावरच रागावल्या.