कल्हई आठवा, मग डाग द्या

कॉम्प्युटर तापेल तसा पंखा कमी-जास्त फिरवणारं छोटं सर्किट घरी जोडता येतं. त्यातलं नाजूक काम डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं.

कल्हईवाला आठवा. भांडं तापवून नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा. मळ निघाल्याशिवाय कथील धरत नाही. सोल्डरच्या तारेत साधारण 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं असतं आणि पोटात राळ. नवसागराचं काम इथे राळ करते. नवसागर मात्र वापरू नका, तो सर्किट खातो. आपल्या मावळच्या पावसाळी दमटपणात पार्टचे पाय काळवंडतात, ते आधी हलके घासा.

25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पाय आणि तांब्याची टिकली, दोन्हींना एकदम टेकवा. दोन-तीन सेकंदांनी तार जोडाला लावा, टोकाला नव्हे. जोड तिकोन्यासारखा निमुळता नि चकचकीत हवा. भुरकट गोळा झाला तर तो आतून सुटा असू शकतो. मग पंखा मध्येच थांबतो.

शिशाचं मात्र मनावर घ्या. धूर राळेचा, तरी खिडकी उघडी ठेवा. पोटुशी बाई नि मुलं लांब. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी थापायची नाही, आणि हे काम ओट्यावर तर नाहीच.

पंख्याला 12 व्होल्ट पुरतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून असते.