पुलाअलीकडची रात्र

श्रोतेहो, भर पावसाळ्यांत सायकलीवरून लांबचा प्रवास करावा कीं नाहीं, असें माझे जुने विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात. अवश्य करावा, असेंच मी सांगतों. मात्र सोबतीला कोण आहे तें आधीं पाहावें, एवढी पुस्ती जोडतों. ही पुस्ती मी कोठें शिकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

१९८३ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही चौघे मित्र पुण्याहून रायगडास निघालों. मी नवा शिक्षक, दुसरा टपाल-कचेरींत कारकून, तिसरा कापडाच्या दुकानांत गुमास्ता. चौथे गृहस्थ सायकल-दुरुस्तीचें दुकान चालवीत. वयानें आमच्याहून दहा-बारा वर्षांनीं वडील. त्यांना आम्ही वस्ताद म्हणत असूं. भोरवरून वरंध घाटाची वाट जवळची. परंतु महाबळेश्वरचा पाऊस अंगावर घ्यावा या हौसेनें आम्हीं वाईचा रस्ता धरला.

कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट चढून वाईस पोंचेपर्यंत नुसता शिडकावा होता. दुसऱ्या दिवशीं पसरणीचा घाट चढून पांचगणीस आलों, तों पावसानें जोर धरला. आणि तेथून सुमारें १९ किलोमीटरांवरील महाबळेश्वरास पोंचलों, तेव्हां पुढच्या सायकलीचें मागचें चाक दिसेनासें झालें होतें. सतत घंटा वाजवीत एकमेकांचा माग काढावा लागला. भूगोलाच्या तासाला मी मुलांना शिकवीत असें कीं, समुद्रावरचे वारे सह्याद्रीच्या कड्यावर चढतां चढतां थंड होतात आणि आपला भार तेथेंच टाकतात. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वाईस त्याच्या चौथाईइतकाहि पडत नाहीं. फळ्यावर खडूनें काढलेल्या त्या बाणांचा अर्थ मला त्या दिवशीं हाडांपर्यंत कळला.

तिसऱ्या दिवशीं आंबेनळीचा घाट उतरावयाचा होता. आमच्या सायकलींचे ब्रेक सळयांचे. रबराचा गट्टा पोलादी रिमवर दाबला जाई. कोरड्यांत तो चांगला धरी, परंतु रिम ओली झाली कीं घसरे. पहिले कांहीं फेरे पाणी पुसण्यांतच जात, आणि तेवढ्यांत वळण पुढें येऊन ठेपे. वस्तादांनीं आम्हां सर्वांना खालीं उतरविलें. बहुतेक घाट आम्ही सायकली हातीं धरून पायींच उतरलों. वाटेंत दोनदां पंक्चर झालें. ओल्या ट्यूबवर ठिगळ चिकटत नाहीं. वस्तादांनीं प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेली कोरडी चिंधी तेव्हां कामास आली.

पोलादपूर मागें टाकून महाडच्या अलीकडील सावित्रीच्या पुलापाशीं आलों, तेव्हां दिवस मावळत होता. कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरींच उगम पावतात. कृष्णा संथपणें पूर्वेकडे जाते, सावित्री थेट कोंकणांत उतरते. सकाळीं आमच्या डोक्यावर पडलेला पाऊस आमच्याआधीं पुलाशीं येऊन पोंचला होता. पाणी तांबडें झालें होतें. मुळांसकट उपटलेलीं झाडें दगडी खांबांवर आदळत होतीं. पलीकडे चार-पांच किलोमीटरांवर महाड, तेथें ओळखीचें घर आणि ऊन जेवण.

मी म्हणालों, "वस्ताद, मालमोटारी जाताहेत. आपल्या सायकलींचं तें वजन काय?"

ते म्हणाले, "मास्तर, वजनाचं सोडा. खालीं पाणी काय करतंय तें तुम्हांला दिसतंय का? मला तर दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्यावर मी चाक घालणार नाहीं, आणि तुम्हांलाहि घालूं देणार नाहीं."

आम्ही कुरकुरत मागें फिरलों. एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर ओल्या कपड्यांनिशीं, गूळ-शेंगदाणे खाऊन रात्र काढली. कारकून मित्राला ताप भरला. मी वस्तादांशीं एक शब्द बोललों नाहीं.

सकाळीं पाणी उतरलें होतें आणि पूल जसाच्या तसा उभा होता. मध्यावर थांबून मीं मुद्दाम पाय आपटला आणि म्हणालों, "वस्ताद, पूल पडला नाहीं बरं!" दोघे मित्र हंसले. वस्तादहि किंचित् हंसले. पुढें कित्येक वर्षें ही थट्टा मीं त्यांच्यादेखत चारचौघांत केली. ते पुन्हा आमच्याबरोबर प्रवासास आले नाहींत. दुकानांत काम फार आहे, एवढेंच सांगत.

१९२८ सालीं बांधलेला तोच पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीच्या पुरानें वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या अंधारांत नदींत गेल्या. ती बातमी वाचली आणि वस्तादांकडे जावें म्हणून उठलों. मग आठवलें कीं, त्यांना जाऊन चार वर्षें झालीं होतीं.

२०१६ सालीं पूल पडला म्हणून वस्ताद खरे ठरले, असें मात्र मी म्हणत नाहीं. १९८३ सालीं पूल उभा राहिला, तेव्हांहि ते खरेच होते. उत्तर बरोबर आलें म्हणजे रीत बरोबर होती असें नव्हे, हें मी गणिताच्या वह्यांवर जन्मभर लिहीत आलों. स्वतःच्या मित्राला गुण देतांना मात्र विसरलों.

असो. आपल्या घरचीं मुलें या पावसांत सायकली बाहेर काढतील, तर त्यांना अडवूं नका. सळयांच्या ब्रेकची गोष्ट सांगा, कोरडी चिंधी बरोबर द्या. आणि त्यांच्यांतला कोणी "थांबा" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशीं त्याची थट्टा करूं नका, एवढें बजावून सांगा.