रोजचे साडेसातशे पेसो : मेक्सिकोतले नव्वद दिवस

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा बजावलं होतं, "काका, मेक्सिकोवर बोला, पण हिशेबात शिरू नका." अकरा वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा त्यांची भीती रास्तच आहे. पण माझा नाइलाज आहे. आमचे मेक्सिकोतले नव्वद दिवस हिशेबावरच उभे होते. आणि एका रात्री त्याच हिशेबाने मला तोंडावर पाडलं. दोन्ही गोष्टी सांगतो.

आमची मुलगी ह्यूस्टनला असते. २०२४च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दोन महिने झाल्यावर, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना माहीत आहे तसं, झालं. मुलगी-जावई कामावर, नातू शाळेत, गाडीशिवाय कोपऱ्यावर जाता येत नाही. ही एक दिवस म्हणाली, "अहो, इथून मेक्सिको जवळ आहे ना?" आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. मात्र प्रत्यक्ष किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून राहण्याची जागा, परतीचं तिकीट हे कागद हातात ठेवावेत. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी स्वतः खात्री करून घ्या.

आता आकडे. जानेवारी २०२५ मध्ये एक पेसो साधारण सव्वाचार रुपयांना पडत होता. पेन्शनमधून काय झेपेल ते बघून मी दोघांत मिळून दिवसाला ७५० पेसो ठरवले, म्हणजे बत्तीसशे रुपयांच्या आत. त्याची वाटणी अशी : घरभाडं ३००, जेवणखाण २७०, गॅस-पाणी-फोन-बस ७०, आणि फिरण्यासाठी ११०. विमानभाडं यात नाही.

पहिले पाच दिवस मेक्सिको शहरात काढले. तिथे मेट्रोचं तिकीट ५ पेसो, कितीही लांब जा. या शहरात एक गोष्ट मात्र ठरवून पाहायची होती. शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने १९२०च्या दशकात भिंतीच्या भिंती रंगवल्या आहेत. आता तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे आणि प्रवेश फुकट आहे. त्यातल्या एका चित्रात सगळे टेबलाभोवती बसलेत आणि मधोमध बसलेला माणूस रोटी मोडून वाटतो आहे. तो माणूस आपला वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे कृषिशास्त्रज्ञ. शेतकऱ्यांसाठी त्यांनी तिथे मोफत शेतीशाळा काढल्या. मी तिथे अर्धा तास उभा होतो. हिने वहीत लिहिलं, "खर्च : शून्य."

तिथून बसने सहा-सात तासांवर वाहाका. दीड हजार मीटर उंचीवरचं गाव, हवा कोरडी, थंडीत पंखाही लागत नाही. इथे आम्ही मुक्काम ठोकला. कमी पैशांत जास्त दिवस राहायचं तर पहिली गोष्ट हीच : गावं बदलू नका. दर तीन दिवसांनी हॉटेल बदललं की बसभाडं, बाहेरचं जेवण, पहिल्या दिवशीची फसगत हे सगळं पुन्हा पुन्हा भरावं लागतं. आम्ही चौकापासून वीस मिनिटं चालत अंतरावर, स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा महिन्याने घेतली. महिना ९,००० पेसो. तीच जागा रोजच्या दराने दुपटीने पडली असती. पहिले चार दिवस साध्या लॉजवर राहून पायी हिंडून जागा शोधली. घरमालकीणबाई सत्तरीच्या, त्यांना सगळे दोन्या म्हणत. दोन्या म्हणजे आपल्याकडे "बाई" म्हणतात तसं.

घरात शिरताना पहिली काय गोष्ट दिसली असेल? गच्चीवर काळी पाण्याची टाकी, आणि दारात टँकर! तिथे टाकीला तिनाको म्हणतात आणि टँकरला पिपा. वाहाकात नळाला रोज पाणी नाही, कोरड्या दिवसांत तर कितीतरी दिवस येत नाही. हिला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. बादलीने भांडी धुणाऱ्या या परदेशी बाईंचं दोन्यांना फार कौतुक. पिण्यासाठी वीस लिटरचा जार मिळतो, गाराफोन. कोपऱ्यावर भरून आणला तर वीसेक पेसो. नळाचं पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही, दात घासायलासुद्धा जारचंच.

जेवणाचं सांगतो, कारण आम्ही शाकाहारी. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, असं म्हटलं की ते कोंबडी आणून ठेवतात. त्यांच्या बोलण्यात कार्ने म्हणजे लाल मांस. काळ्या घेवड्याची उसळ, फ्रिहोलेस, पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. म्हणून दोन शब्द पाठ करा : "सिन पोयो, सिन मान्तेका." कोंबडी नको, चरबी नको. दुपारी छोट्या खानावळीत ठरावीक थाळी मिळते, कोमिदा कोर्रिदा. सूप, भात, एक मुख्य पदार्थ, सरबत. आम्हाला ८० पेसोंना पडायची. आठवड्यातून दोनदा तिथे, बाकी घरी.

आणि घरी काय कमी होतं? सेन्त्राल दे आबास्तो या मोठ्या बाजारात हिला वेर्दोलागास नावाची जुडी दिसली. ती म्हणजे आपली घोळ! राजगिऱ्याचे गुळातले लाडू-वड्या मिळाल्या, त्यांना म्हणतात आलेग्रिया, म्हणजे आनंद. महाशिवरात्रीचा उपवास त्याच आनंदावर झाला. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, पेरू, पपई, चिकू. चिकू तर मूळचा तिकडचाच, नावसुद्धा तिकडूनच आलेलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून केलेल्या गरम तोर्तिया किलोवर मिळतात, पंचवीसेक पेसो किलो. भाकरीच्या माणसाला त्या लगेच जमतात.

पैशांबद्दल एक सूचना. एटीएममधून काढताना यंत्र विचारतं, आमच्या दराने रुपयांत बदलून देऊ का? "नको" म्हणायचं. आणि दर वेळी शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे न काढता एकदम काढायचे आणि घरी कुलपात ठेवायचे.

असे तीन आठवडे मजेत गेले. मी रोज रात्री वही लिहीत होतो. ७४०, ७१५, ७५०. मनातून फार खूश होतो.

मग तो मोन्ते आल्बानचा दिवस आला. डोंगरमाथ्यावरचं झापोतेक लोकांचं प्राचीन नगर, अप्रतिम. जाऊन आलो, त्या दिवशीचा खर्च ९४० झाला. रात्री अकराला हिला उलट्या-जुलाब सुरू झाले. कशाने, ते कळलं नाही. मी बिचकलो. डोक्यात एकच : खासगी हॉस्पिटल म्हणजे हजारो पेसो. प्रवास विमा होता, पण त्यात पहिली ठरावीक रक्कम आपण भरायची होती, तीही मला मोठी वाटली. मी म्हटलं, "सकाळपर्यंत बघू." ती म्हणाली, "हो, काही नाही, बरं वाटेल."

पहाटे तिला उठून उभं राहता येईना. मी दोन्यांचं दार वाजवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शाल घेऊन निघाल्याच. दोन गल्ल्यांवर औषधाचं दुकान, त्याच्या शेजारी डॉक्टरची खोली. मेक्सिकोत ही सोय जागोजागी असते. मी रोज त्या दारावरून जार घेऊन जात होतो! डॉक्टरने तपासलं, क्षारांचं पाणी आणि औषधं दिली, तासभर बसवून ठेवलं. फी ६० पेसो. औषधं धरून सगळं मिळून २८० पेसो झाले.

मित्रांनो, त्या २८० पेसोंसाठी मी माझ्या बायकोला रात्रभर तळमळत ठेवलं होतं. पैसे होते, उपाय दोनशे पावलांवर होता, मी विचारलंसुद्धा नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, दोन दिवसांनी ती बरी झाल्यावर मी विचारलं, "रात्री बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तुम्ही वही उघडून बसला होता ना." चौतीस वर्षांच्या संसारात एवढं लागेल असं ती कधी बोलली नव्हती. आणि बोलली तेही न चिडता.

तुम्हाला आठवत असेल, या सोसायटीत मीच दर वार्षिक सभेत ओरडून सांगायचो, की देखभालीचा पैसा वेगळा आणि सिंकिंग फंड वेगळा, इमारतीला तडा गेला तर महिन्याच्या बिलाकडे बघत बसायचं नाही. इमारतीसाठी जे कळत होतं ते माणसासाठी कळलं नाही.

त्यानंतर हिने नियम बदलले. एक, हिशेब रोजचा नाही, आठवड्याचा. त्यामुळे ९४०च्या दिवसाची धास्ती उरत नाही. पुढचे दोन दिवस घरी खिचडी. दोन, औषध, डॉक्टर, रात्री उशिरा टॅक्सी आणि पिण्याचं पाणी हे वहीत लिहायचंच नाही. त्यासाठी वेगळं पाकीट, आणि ते पाकीट तिच्याकडे. तीन, नव्या जागी पहिल्याच दिवशी डॉक्टर कुठे बसतो ते विचारून ठेवायचं, आणि विम्याचे कागद घरून निघण्याआधी दोघांनीही वाचायचे. तिथे रात्री दोन वाजता चष्मा शोधत नाही.

उरलेले दिवस जास्त छान गेले, खरं सांगतो. कचऱ्याची गाडी घंटा वाजवत आली की सगळ्या गल्लीबरोबर आम्हीही पिशवी घेऊन धावायचो. वाहाकाच्या खेड्यांत तेकियो म्हणून रीत आहे, गावाचं काम सगळ्यांनी मिळून बिनमोल करायचं. आपलं श्रमदान. दोन्या मूळच्या तशाच एका गावच्या. त्या म्हणायच्या, शेजाऱ्याचं दार वाजवायला लाजायचं नसतं. मला त्याचा अर्थ जरा उशिरा कळला.

शेवटी ताळेबंद. ठरवलेले ७५०, प्रत्यक्षात सरासरी ७८०. नव्वद दिवसांत २,७०० पेसो जास्त गेले, म्हणजे साडेअकरा हजार रुपये. त्यात डॉक्टर आहे, चार टॅक्सी आहेत, आणि निघताना दोन्यांसाठी घेतलेली शाल आहे. लेखापरीक्षकांनी हरकत घेतली तर ती मी अमान्य करतो.

वहीची झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी संध्याकाळी घरी या. मी हिशेब दाखवीन. पण आधी हिच्याशी बोला, ती पाकिटाचं सांगेल.