गीताने कुणावर जीव लावावा?

१९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ चालली. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात संवाद ऐकू यावेत म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. भाग संपला की वादाचा आवाज त्याहून मोठा! मुलं म्हणायची, शक्तिमाननं किल्विषला बदडावं, ही वार्ताहर गीता मध्ये कशाला? मुली म्हणायच्या, दोघांचं लग्नच लावून द्या.

अमेरिकेत सुपरमॅनची नायिका लॉइस लेन, तीही वार्ताहर. १९३८ साली सुरू झालेल्या त्या चित्रकथेत दोघांचं लग्न लागलं ते १९९६ साली. आपला शक्तिमान मात्र योगसाधनेतून घडलेला. त्यात मुकेश खन्ना म्हणजे ‘महाभारता’तले भीष्म. त्यांना बोहल्यावर कोण चढवणार?

मला विचाराल, तर शक्तिमान पहिल्यापासूनच परिपूर्ण होता. त्याच्यात बदलायला काही उरलंच नव्हतं. बदलायला वाव होता तो गीताला. उडणाऱ्या वीरावर कुणीही भाळेल. पण तिच्याच कचेरीत पुढे आलेल्या दातांचा, चष्मेवाला छायाचित्रकार गंगाधर वावरत होता. तोच शक्तिमान, हे आपल्याला ठाऊक, तिला नाही. ते गुपित फुटण्याआधीच तिला गंगाधर आवडायला हवा होता. तसं दाखवलं असतं, तर स्थळ पाहताना आधी रूप आणि पगार विचारणारे आपणही थोडे ओशाळलो असतो.