मुलीचा वाटा आणि जमातीचा रिवाज



1847 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दोन दाव्यांचा निकाल एकत्र लागला. एक दावा खोजा कुटुंबातला, दुसरा कच्छी मेमन कुटुंबातला. दाद मागणाऱ्या होत्या मुली. वडील वारले, मिळकत मागे राहिली, आणि या मुलींचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही मुसलमान आहोत, कुराणात मुलीचा वाटा नेमून दिला आहे, तो आम्हाला मिळावा. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. पण तो लिहिलेला आहे, चौथ्या सुऱ्यात, अगदी स्पष्ट शब्दांत.

समोरून उत्तर आलं की आमच्यात असं चालत नाही. कच्छ-काठेवाडातून आणि सिंधेतून मुंबईला आलेल्या या व्यापारी जमातींत मिळकत मुलग्यांकडे जायची. मुलीला लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च मिळे, तेवढाच तिचा हक्क. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. राजाच्या सनदेप्रमाणे मुसलमानांच्या वारसाहक्काला त्यांचे कायदे आणि त्यांचे रिवाज लावायचे होते. पेरीसाहेबांनी रिवाजाच्या बाजूने कौल दिला आणि मुलींचे दावे फेटाळले गेले.

मुंबईच्या कायद्याच्या इतिहासात हा निकाल नेहमी सांगितला जातो. तो वाचताना मला एकच प्रश्न पडतो. इस्लामी कायदेपंडितांनी स्वतः रिवाजाला काय स्थान दिलं होतं? मुंबईच्या कोर्टाने दिलं तेच का?

आपल्याकडे सर्रास समजूत अशी की शरियत म्हणजे एकदा लिहिलं गेलं आणि मग मक्केपासून मलबारपर्यंत जसंच्या तसं लागू झालं. तसं कधीच नव्हतं. पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले लोक खजुराचे पैसे हंगामाआधीच देऊन ठेवत. जो माल अजून झाडावरही नाही, त्याची ही विक्री. पैगंबरांनी ती बंद केली नाही. माप, वजन आणि मुदत मात्र आधी पक्की ठरवा, असं सांगितलं. अबू सुफियानची बायको हिंद तक्रार घेऊन आली की नवरा चिक्कू आहे, घरखर्चाला पुरेसं देत नाही. तेव्हा तुला आणि तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे जेवढं लागेल तेवढं घे, असं तिला सांगण्यात आलं. किती, ते आकड्यात सांगितलं नाही. ते त्या गावाच्या राहणीवर सोडलं.

पुढच्या पंडितांनी हाच धागा धरला. चांभाराला जोडे करायला सांगणं म्हणजे जी वस्तू अजून झालीच नाही ती विकत घेणं. नियमाने बघितलं तर हा व्यवहार बसत नाही. पण सगळी दुनिया असेच जोडे करून घेते, म्हणून हनफी या कायदेपंथाच्या पंडितांनी तो मान्य केला. हमामात जाणारा माणूस किती पाणी वापरणार, किती वेळ बसणार, हे कुणी आधी ठरवत नाही. तेही चालू दिलं. कुराण शिकवण्याबद्दल मोबदला घेणं आधीच्या हनफी इमामांना मंजूर नव्हतं. पुढे शिक्षकांना सरकारातून मिळणारी नेमणूक बंद झाली. पगार नाही म्हटलं तर शिकवणार कोण? नंतरच्या पंडितांनी मोबदल्याला परवानगी दिली. दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. लोकांच्या चालीरीती ज्याला ठाऊक नाहीत त्याने फतवा देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. 1869 ते 1876 या काळात तुर्की साम्राज्याने आपली दिवाणी संहिता तयार केली. तिच्या 36 व्या कलमात रूढीला निवाड्याचा आधार मानलं आहे.

म्हणजे दार उघडं होतं. पण त्या दाराला उंबरठा होता. रूढी सर्वत्र चालणारी हवी, व्यवहाराच्या वेळी प्रचारात असलेली हवी, दोन्ही पक्षांनी त्याविरुद्ध काही ठरवलेलं नसावं. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे मूळ वचनाने जे स्पष्ट दिलं आहे ते रूढीने काढून घेता कामा नये. बाजारातला करार कसा करायचा हे रूढी सांगू शकते. मुलीचा नेमलेला वाटा रद्द करणं तिच्या अखत्यारीत नाही. माझ्या मते हे जुने पंडित पेरीसाहेबांपेक्षा जास्त सावध होते. मुंबईत रिवाज काय हे ठरलं ते समाजातल्या मंडळींच्या सांगण्यावरून. ज्यांच्या पदरात त्या रिवाजाने मिळकत पडत होती, त्यांचा शब्द रिवाजाचा पुरावा ठरला.

याउलट एक उदाहरण सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागातलं आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे. तिथल्या मिनांगकाबाउ लोकांचा कायदेपंथ शाफई, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचाच. दोन्हीकडे इस्लाम समुद्रमार्गाने, व्यापाऱ्यांबरोबर पोचला. कायद्याची परंपरा एकच, पण मिनांगकाबाउंमध्ये वडिलोपार्जित भातशेती आणि मोठं घर आईकडून मुलीकडे जातं. लग्नानंतर पुरुष बायकोच्या घरी राहायला येतो. भाच्या-भाचरांची जबाबदारी मामावर असते.

1803 च्या सुमारास मक्केहून परतलेल्या काही हाजींनी या आणि इतर चालींविरुद्ध मोहीम उघडली. भांडण पेटलं, त्यात डच उतरले, आणि 1837 पर्यंत युद्ध चाललं. एवढं होऊनही आईकडून चालणारी वहिवाट मोडली नाही, आणि लोकांनी इस्लामही सोडला नाही. मग पुढची कितीतरी वर्षं वाद झाला. याच भागातले अहमद खतीब मक्केत शाफईंचे इमाम झाले होते. त्यांना ही वहिवाट मुळीच मान्य नव्हती. इकडे गावातल्या काही उलेमांनी वेगळा विचार मांडला. पिढ्यान्‌पिढ्यांची सामाईक जमीन ही मेलेल्या माणसाची एकट्याची नव्हतीच, तेव्हा तिची वारसांत वाटणी करण्याचा प्रश्न येत नाही. ती वक्फासारखी धरावी. माणसाने स्वतः कमावलेलं मात्र शरियतच्या हिशेबाने मुलाबाळांत वाटावं. 1952 साली बुकिटिंगी इथे उलेमा आणि कुळांचे वडीलधारे एकत्र बसले आणि हीच विभागणी त्यांनी मान्य केली.

ही तोड निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. कुळाच्या जमिनीत तिथल्या मुलग्यांना वारसा नाही. पण ती शंभराहून अधिक वर्षं उघड वाद घालून काढलेली तोड आहे, आणि तिच्यात ग्रंथ आणि वहिवाट दोघांनाही आपली बाजू मांडता आली. मुंबईच्या मुलींना ते मिळालं नाही.

आपल्याकडे उत्तर आलं ते नव्वद वर्षांनी. पंजाबात तर 1872 च्या कायद्याने रिवाजालाच पहिला मान दिला होता, आणि तिथल्या शेतकरी मुसलमान घरांतल्या मुलींचा वाटा त्यात बुडत होता. 1937 साली शरियत कायदा मंजूर झाला. वारसाहक्कात विरुद्ध रिवाज असला तरी मुसलमानांना शरियतच लागू होईल, असं त्याने ठरवलं. रिवाजामुळे आमचे हक्क मारले जातात, ही मुसलमान स्त्रियांच्या संघटनांची तक्रार त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नोंदलेली आहे. हे आज फार थोड्यांना आठवतं. कच्छी मेमनांसाठी 1938 मध्ये वेगळा कायदा झाला. पण 1937 च्या कायद्यातून एक मोठी गोष्ट निसटली. शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीतली, म्हणून ती वगळली गेली. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे शेत, तिथे शेतच बाहेर राहिलं. मद्रास प्रांताने 1949 मध्ये ही फट बुजवली.

आणि श्रोतेहो, कागदावरचा कायदा बदलला तरी घरातला रिवाज तिथेच असतो. महाराष्ट्रात हिंदू मुलीला 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क आहे. मुसलमान मुलीचा वाटा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून ठरलेला आहे. तरी दोन्ही घरांत तोच प्रसंग घडतो. वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहीण सही करते. माहेर तुटू नये, ईदेला किंवा दिवाळीला त्या घराचं दार आपल्याला उघडं राहावं, एवढ्यासाठी. याला कुणी जबरदस्ती म्हणत नाही. आमच्यात असंच असतं, असं म्हणतात. 1847 च्या कोर्टातही हेच उत्तर दिलं गेलं होतं.

तुमच्या घरात वाटणीची वेळ आली, तर माझी एक विनंती आहे. बहिणीला तिचा वाटा किती होतो ते आधी सांगा. गुंठ्यांत सांगा, रुपयांत सांगा. मग तिला विचार करायला सवड द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला विचारू द्या. त्यानंतर तिने काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्या. सहीचा कागद त्याआधी तिच्यापुढे ठेवू नका.