मुका, पेक आणि स्मूच
माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण



संयोजकांचा फोन आला, "तू इंग्लंडात असतेस, इंग्रजीवर बोल." मी विषय सांगितला तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग एवढंच उत्तर आलं, "बघ बाई, सर पुढच्याच रांगेत बसतील." बसले आहेत. तेव्हा सांभाळून बोलते, पण बोलते. विषय आहे, मुका घेणं आणि जवळ धरून हळूहळू नाचणं यांचे रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द.

आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासूनचं इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आपली शाळा कधीच सुटली होती. धड्यात 'किस' शब्द आला की आपल्याला सांगितलं जायचं, "हे घरी वाचा." घरी कोण वाचतं! विज्ञानाच्या तासाला मात्र चुंबक, चुंबकत्व, चुंबकीय क्षेत्र असं बिनधास्त चालायचं. चुंबक म्हणजे मुळात मुका घेणारा. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं, तर मागचे दोन्ही बाक वर्गाबाहेर उभे राहिले असते.

आपल्याकडे मुका लेकराचा. मामा आला की "पापा दे" म्हणायचा, आजी गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. चुंबन हा शब्द छापायचा, तोंडानं म्हणायचा नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत मराठी मुकी होते. सिनेमात दोन फुलं एकमेकांवर आपटली की आपण समजून घ्यायचं. खरं तर 1933 सालच्या 'कर्मा'त देविका राणी आणि हिमांशु राय यांनी पडद्यावर चुंबन घेतलं होतं, पण आपल्यापर्यंत फुलंच पोचली. आणि नाच म्हणजे वरातीत बँडपुढचा, नाहीतर लेझीम, नाहीतर बायकांची फुगडी. संथ नाचायचं म्हटलं तर गोव्याचा मांडो आहे, पण धामणगाव बढ्याहून गोवा लांब.

2011 साली मी लेस्टरला गेले आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये कामाला लागले. पहिल्या आठवड्यात आमच्या मॅनेजरचा मेसेज आला, "थँक्स, डक." खाली नुसती एक फुली. डक म्हणजे बदक, आणि आपल्या वहीत फुली म्हणजे चूक. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. सोबतच्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, फुली म्हणजे किस." हे तर त्याहून वाईट! पन्नाशीचा गृहस्थ, मी नवी. दोन दिवस आजारी असल्याचं सांगून घरी बसले, नवऱ्यापासून फोन लपवला. नोकरी सोडायचं ठरवलंच होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की तो नळ दुरुस्त करणाऱ्यालाही फुली पाठवतो, आणि त्या भागात बसवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना डक म्हणतात.

हे हसण्यावारी गेलं. दुसरं गेलं नाही.

तिथं नव्वदीच्या एक आजी होत्या. आठवण पुसत चाललेली. एका संध्याकाळी जुनं गाणं लागलं तशा त्या खुर्चीतून उठल्या, दोन्ही हात माझ्यापुढे केले आणि म्हणाल्या, "चल, स्मूच करू." स्मूचचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला होता, मुका. मी मागे सरले. त्यांचे हात गाणं संपेपर्यंत तसेच हवेत होते. मग त्या आपण होऊन बसल्या.

घरी येऊन पुन्हा शब्दकोश काढला. खाली दुसरा अर्थ होता, ब्रिटनमधला: एकमेकांना जवळ धरून हळूहळू नाचणं. त्यांना फक्त नाचायचं होतं. पुढच्या आठवड्यात तेच गाणं लागलं तेव्हा मीच हात पुढे केले. मला फुगडीशिवाय काही येत नाही. त्यांनीच मला फिरवलं.

नंतर मी वाचनालयातल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात मदतीला जाऊ लागले. तिथं एक चिनी बाई यायची. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेचा प्रॉम म्हणजे निरोपाचा नाच जवळ आलेला. तो दार लावून मित्राशी बोलायचा, ही बाहेरून ऐकू येतील ते शब्द लिहून आणायची. पेक, स्मूच, स्नॉग, मेक आउट. प्रत्येकापुढे शब्दकोशातून उतरवलेला एकच चिनी शब्द. "यातला वाईट कोणता?" तिनं विचारलं. ती खरंच घाबरली होती.

आता मला सांगा, नुसतं धामणगाव म्हटलं तर माणूस रेल्वेच्या धामणगावला उतरतो. बढे जोडावंच लागतं. तसं मी तिला विचारलं, हा शब्द कोण कुणाला म्हणेल? पेक म्हणजे चोच मारणं, कोंबडी दाणा टिपते तसं. गालावर टेकून मोकळं, मावशीला चालतं, शेजारणीलाही. स्मूच जरा रेंगाळणारा, थट्टेतला. स्नॉग तरुण पोरापोरींचा, तोंडाला तोंड लावून लांबलचक. आईच्या संदर्भात हा शब्द चुकूनही नको. अमेरिकेत त्यालाच मेक आउट म्हणतात, पण कुणी "तुझं अक्षर मेक आउट होत नाही" म्हणालं तर लाजायचं कारण नाही, अक्षर लागत नाही एवढंच. आणि मेक अप म्हणजे भांडण मिटवणं. स्लो डान्स सगळ्यांत सोपा: एकाचे हात कमरेला, दुसऱ्याचे खांद्यावर, पावलं जागच्या जागी.

मग तिनं मला तिचा शब्द शिकवला. छिन. मुका घेणं म्हणजे छिन, आणि सख्खा भाऊ म्हणतानाचं सख्खंही छिनच. मला तो शब्द आपल्या आजीच्या फार जवळचा वाटला.

प्रॉमच्या दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला सरळ विचारलं, "स्लो डान्स केलास का?" तो आधी दचकला, मग हसला. मुलीचं नाव सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवायला ताट घेऊन खोलीत गेला नाही, टेबलाशी बसला, असं ती मला सांगत होती.

सर, तो धडा मी घरी वाचला. वांग्याच्या भरताचा वास इथवर येतोय, तेव्हा थांबते.